करंडे सरांचा मागे घेतलेला लेख

माणूस आजारी पडला की चारचौघं विचारतात, "आता कसं वाटतंय?" करंडे सर विचारायचे, "गोळी किती वाजता घेतली? आणि तिचा अंमल उतरला किती वाजता?"

शुक्रवार पेठेत त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायला आलो, त्याच आठवड्यात मला सणकून ताप आला. सामानाची खोकीसुद्धा उघडली नव्हती. मी दोन चादरी पांघरून कुडकुडत पडलेली आणि दारात एक उंच, वाळका म्हातारा उभा. अंगात बनियन, मनगटावर घड्याळ. नुसत्या बनियनवर घड्याळ बांधणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. घरमालक आहेत, विचारपूस करायला आले असतील, असं वाटलं. तर त्यांनी हा प्रश्न टाकला! माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "सर, इथे दात वाजतायत माझे, घड्याळ कुठे बघत बसू?"

"बघायला हवं," ते शांतपणे म्हणाले. "औषध येतं तेव्हा सगळे बघतात. जाताना कुणी बघत नाही."

आणि वर निघून गेले. मी मनात म्हटलं, मंगल, आता या घरात तुझं कसं होणार? थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी, कमलकाकू, मऊ भाताची वाटी घेऊन खाली आल्या. काकू उजनीच्या पाण्याकाठच्या गावच्या. जन्म शहरात गेला तरी बोली तिकडचीच. "ह्यांचं मनाला लावून घेऊ नगंस," त्या म्हणाल्या. "त्यांना माणूस दिसतच न्हाय बघ. माणसाच्या पोटातली गोळी तेवढी दिसती."

करंडे सर मूळचे बार्शीचे. औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात आयुष्यभर शिकवलं आणि आम्ही आलो त्याच्या आधीच निवृत्त झाले होते. त्यांचा विषय एकच होता, औषधांचा चयापचय. मी शाळेत इतिहास शिकवते. विज्ञानात मी जेमतेम काठावर पास झालेली बाई, त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो एखाद्या गोड पदार्थाचा वाटला होता. सरांनी मला जिन्यात बसवून समजावलं. आपण गोळी गिळतो. शरीर काही तिला कायमचं ठेवून घेत नाही. यकृत तिचे तुकडे करतं, तिला बाहेर जाण्याजोगं करतं आणि लावून देतं. कुणाचं यकृत हे काम झटपट करतं, कुणाचं रेंगाळत. "एकच गोळी, मंगल. एकाला पुरत नाही आणि दुसऱ्याला सोसत नाही. डॉक्टर बिचारा दोघांना सारखीच देतो. का? तर पाकिटावर तसं लिहिलंय म्हणून."

"मग पाकिटावर कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"ज्यांनी आपल्याला कधी पाहिलं नाही त्यांनी," सर म्हणाले.

सरांच्या नावाचा जो काही डंका होता तो एका लेखाचा होता. तरुणपणी त्यांनी पेठेतल्या, गिरण्यांतल्या, विणकरांच्या घरांतल्या आणि कॉलेजातल्या लोकांना घेऊन एक प्रयोग केला होता. चहाकॉफीत कॅफिन असतं. त्याची गोळी सकाळी माणसाला द्यायची, दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा रक्त काढायचं आणि तपासून बघायचं की किती उरलंय. दम्याची एक गोळी यकृतातल्या त्याच वाटेने जाते. तेव्हा ज्याच्या अंगात कॅफिन रेंगाळतं, त्याला ती दम्याची गोळी बेताने द्यायला हवी, नाहीतर ती साचत जाते आणि छातीत धडधडतं. सरांनी दाखवलं की आपल्याकडे ज्यांच्या अंगातून औषध असं संथ उतरतं ते लोक समजुतीपेक्षा पुष्कळ जास्त आहेत. लेख परदेशातल्या जर्नलमध्ये छापून आला आणि मग कुठल्या कुठल्या देशांतले लोक त्याचा दाखला द्यायला लागले.

असा दाखला कुठे छापून आला की सरांना कळायचं, आणि सरांना कळलं की काकू शिरा करायच्या. त्यांना त्यातलं काहीएक समजत नसे. "तिकडं कुणीतरी ह्यांचं नाव काढलं म्हनं," एवढंच. वाटी खाली माझ्याकडे यायची. मी विचारायची, "काकू, आज कुठल्या देशाचा शिरा?" त्या वर तोंड करून ओरडायच्या, "अहो, कुटला देश?" वरून सरांचा आवाज यायचा, "फिनलंड!" आमच्या घरात अजून ती पद्धत आहे, साजूक तुपातला शिरा म्हणजे फिनलंड.

सरांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी श्रीनिवास. तेलुगू विणकर घरातला, वडील मागावर चादरी विणायचे. सरांच्या त्या प्रयोगाला तो कॉलेजातला पोरगा म्हणून दंड पुढे करून बसला होता. पुढे सरांच्याच हाताखाली त्याने त्याच आकड्यांवर पीएच.डी. केली आणि आता त्याच कॉलेजात प्राचार्य झालाय. प्राचार्य झाला तरी सरांसमोर खुर्चीच्या कडेवरच बसायचा. रागावला की "असं कसं करता की सर" म्हणायचा, खूश झाला की "लई भारी सर" म्हणायचा. मधलं काही त्याच्याकडे नव्हतं.

तर एके दिवशी श्रीनिवास प्राचार्य झाल्याचे पेढे घेऊन आला होता. काकूंनी आग्रहाने जेवायला ठेवून घेतलं, मलाही वर बोलावलं. भाकरी, शेंगांची चटणी, वांग्याची भाजी. श्रीनिवासची गाडी जुन्या आठवणींवर गेली. प्रयोगाच्या रविवारी हे घर कसं माणसांनी भरायचं, कंपाउंडर सुई घेऊन आला की मोठमोठे गिरणीकामगार कसे डोळे मिटायचे, सर रक्ताच्या नळ्या बर्फात घालून स्कूटरवरून कॉलेजच्या प्रयोगशाळेत कसे पळायचे. आम्ही हसत होतो. आणि तो म्हणाला, "पण खरं सांगू काकू, आम्ही यायचो ते तुमच्या चहासाठी. सुई टोचून घ्यायची आणि तो आल्याचा चहा प्यायचा. लई भारी!"

सरांचा घास हातातच राहिला.

"कुठला चहा?" ते म्हणाले.

श्रीनिवास अजून हसतच होता. "काकू द्यायच्या की. तुम्ही दुपारच्या नळ्या घेऊन गेलात की."

मग त्याचं हसू हळूहळू गेलं. तो औषधशास्त्राचा प्राचार्य आहे हे बहुधा त्याला स्वतःलाच त्या क्षणी आठवलं. मला काही कळेना. चहाच तर होता! मी आळीपाळीने तिघांची तोंडं बघत बसले.

सर काकूंकडे वळले. "कमल, मी तुला सांगितलं होतं, त्या लोकांना चहा द्यायचा नाही."

"व्हय, सांगितलं हुतं," काकू म्हणाल्या. "पर मला वाटलं, दुधाचा खर्च नगं म्हणून म्हणताय. तवा पगार तरी कितीसा हुता? मी म्हटलं, ह्यांचं नाव खराब हुईल. लोक म्हणतील, मास्तरानं रगत काढून घेतलं आन कपभर चहा पुसला न्हाय. आन एकाला घेरीच आली हुती. कोरड्या तोंडानं कसं ठेवायचं माणसाला?"

"आणि तुम्ही सगळे प्यायलात?" सरांनी श्रीनिवासला विचारलं. "तुम्हाला तर मी आदल्या दिवसापासून चहा बंद सांगितला होता."

श्रीनिवासने मान खाली घातली. "काकू स्वतः कप पुढे करतायत म्हटल्यावर नको कसं म्हणायचं, सर? आणि संध्याकाळी तुम्ही विचारायचात, काही खाल्लं-प्यायलं का? तेव्हा चहा काही आमच्या डोक्यातच यायचा नाही. चहा म्हणजे काही खाणंपिणं थोडंच असतं."

आता मात्र माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. सकाळी कॅफिनची गोळी, दुपारी काकूंचा चहा, म्हणजे वरून आणखी कॅफिन. संध्याकाळी रक्तात ते जास्त सापडणारच! सरांना वाटलं, यांच्या अंगातून उतरत नाही. उतरत असेलही, नसेलही. जगभर गाजलेला तो लेख, इतक्या देशांचा शिरा, आणि खाली काय, तर आल्याचा चहा. मला हसू यायला लागलं आणि त्याच वेळी रडूही. त्यातलं कुठलं आधी आलं ते मला आजही सांगता यायचं नाही.

पुढचे काही दिवस वरच्या मजल्यावर चौकशी चालली होती. सर काकूंना पुन्हा पुन्हा विचारत. कुणाकुणाला दिला? सगळ्यांना? दर रविवारी? अर्धा कप की पूर्ण? काकू बिचाऱ्या आठवू आठवू थकल्या. "ज्ये नगं म्हणाले त्यांना न्हाय दिला. ज्यांनी मागितला त्यांना दोनदा दिला असंल. आता कसं आठवंल हो मला?" एका सकाळी मी भाडं द्यायला वर गेले तर काकू ओट्याशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि सर दारातून विचारत होते, "साखर किती घालायचीस?" माझा ताबाच सुटला. मी घरमालक बघितला नाही की वय बघितलं नाही. "सर, पुरे झालं! गुन्हेगार आहेत का त्या? साखरेचा काय संबंध?"

सर माझ्याकडे बघत राहिले. "संबंध नाही," ते म्हणाले. "खरंच नाही. मी का विचारलं?" आणि तिथेच स्टुलावर बसले. त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस गोंधळलाय. तोवर गोंधळण्याचा हक्क फक्त माझा आहे असं मी धरून चालले होते.

मग मीही शेजारी बसले आणि इतिहासाच्या बाईसारखं सरळ विचारलं, "म्हणजे लेख खोटा होता?"

"खोटा नव्हता. जे मोजलं तेच लिहिलं."

"मग खरा होता?"

"खरा कसा म्हणू? काय मोजलं तेच मला माहीत नव्हतं."

"सर, मग तो होता तरी काय?"

"तेच कळत नाही, मंगल." ते म्हणाले. "ज्यांनी चहा घेतला नाही ते कोण हे कळलं असतं तर तेवढे बाजूला काढून पुन्हा गणित केलं असतं. पण कुणाला आठवतंय? गिरण्या बंद पडल्या, माणसं पांगली, काही वारली. आणि लेख तर अजून चालतोय. तो वाचून डॉक्टर आपल्याकडच्या माणसाला दम्याची गोळी कमी देतात. कमीच द्यायला हवी असेल तर ठीक. नसेल तर? कुणीतरी कुठेतरी धापा टाकत बसला असेल, माझ्यामुळे."

तेव्हा त्यांचं ठरलं. लेख मागे घ्यायचा. जर्नलला कळवायचं की हा लेख आता धरू नका.

श्रीनिवास धावत आला. इतका घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "असं कसं करता की सर! कुणी विचारलंय का आपल्याला? कुणाला माहितीय? आपण चौघं सोडून कुणाला नाही." मग तो हळूच म्हणाला, "सर, माझी पीएच.डी. त्याच आकड्यांवर आहे." खरं सांगते, मला त्याचं पटलं. पोराने मागाच्या खडखडाटात बसून अभ्यास केलेला. त्याने काय पाप केलं होतं? एक चहा प्याला, तोही गुरुपत्नीने दिलेला.

"तुझी पदवी मी मागत नाही," सर म्हणाले. "तुझं तू ठरव. माझा लेख माझ्या नावाचा आहे, तेवढाच मी मागे घेतोय."

"पण सर, त्या एका लेखाशिवाय..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. ते पूर्ण करायची गरज नव्हती. त्या लेखाशिवाय करंडे सर म्हणजे काय, तर एका जिल्ह्याच्या गावातले निवृत्त मास्तर. हे सरांनाही माहीत होतं. त्या आठवड्यात त्यांचं जेवण सुटलं. ताटावर बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. बनियनवरचं घड्याळसुद्धा बांधायचे नाहीत. 

मागे घेण्याचं निवेदन त्यांनी इंग्रजीत लिहिलं. काकू कधी नव्हे त्या हट्टाला पेटल्या. मला वर बोलावून म्हणाल्या, "वाच आन मराठीत सांग, काय लिहिलंय." मी सांगितलं. लेखकाच्या निष्काळजीपणामुळे प्रयोगाच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत, म्हणून निष्कर्षांवर विसंबू नये, दोष सर्वस्वी लेखकाचा.

"माझं नाव कुटं हाय?"

"तुमचं नाव नाही, काकू."

"का न्हाय?" काकू सरांकडे वळल्या. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. "चहा मी दिला. तुमाला काय ठावं हुतं? इतकी वर्सं तुमचं नाव निघालं तवा शिरा मी केला. आन चुकीत मला वाटा न्हाय व्हय?"

सर हसले. त्या दिवसांत तेवढेच एकदा. "वाटा कसा देऊ, कमल? मी तुला सांगितलं, चहा देऊ नको. का देऊ नको ते सांगितलं नाही. मला वाटलं, हिला काय कळणार. कारण न सांगता घातलेली अट कुणी पाळत नाही, आणि पाळूही नये. सगळ्या जगाला समजावून सांगत सुटलो. घरात सांगायचं राहिलं."

"मला कळलं असतं की," काकू म्हणाल्या.

"कळलंच असतं."

काकूंनी माझ्या हातातला कागद घेऊन सरांसमोर ठेवला. रागावल्यात की निवल्यात, मला अंदाज येईना. म्हणाल्या, "मग तसंच लिहा. म्हणावं, बायकोला सांगितलं न्हाय." सरांनी खरोखर तसं लिहिलं. अर्थात शास्त्राच्या भाषेत. प्रयोगात मदत करणाऱ्या व्यक्तीला अटींमागचं कारण लेखकाने समजावून दिलं नव्हतं, असं. मी काकूंना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "आता बसलं," म्हणाल्या.

जर्नलने लेख मागे घेतला. पेठेत कुजबुज झालीच. कुणी म्हणालं, सरांनी चोरी केली होती. कुणी विचारलं, पेन्शन थांबणार का? एका बाईने तर मला दुधाच्या रांगेत सांगितलं की सरांनी लोकांचं रक्त विकलं. मी तिला तिथेच फैलावर घेतलं, पण मग समजावून सांगायची वेळ आली तेव्हा माझी तारांबळ उडाली. "काहीच केलं नाही हो त्यांनी, चुकून चुकलं आणि मग त्यांनी स्वतःच सांगितलं." "स्वतः कशाला सांगितलं?" बाई म्हणाली. मी दूध घेतलं आणि घरचा रस्ता धरला.

आणखी गोंधळ पुढेच होता. लेख मागे घेतला तरी जगाने त्याला सोडलं नाही! लोक दाखले देतच राहिले. मागे घेतल्याचं कुणी बघतच नव्हतं. पूर्वी सर दाखला आला की आनंदायचे, आता प्रत्येकाला बसून पत्र लिहायचे, की कृपया तो लेख धरू नका. बहुतेकांचं उत्तर यायचं नाही. एकाने तर आभार मानले आणि पुढच्या लेखात परत तोच दाखला दिला. सर हताश होऊन म्हणाले, "औषध अंगातून उतरवणं सोपं गं. हे उतरत नाही."

आणि मग एके दिवशी श्रीनिवास गल्लीच्या तोंडापासूनच "सर! सर!" करत आला. दुसऱ्या एका विद्यापीठातल्या लोकांनी तोच प्रयोग नव्याने, सगळ्या अटी पाळून केला होता. आणि उत्तर? जवळजवळ तेच! आपल्याकडे संथ उतरणारे लोक खरोखरच जास्त. श्रीनिवास अक्षरशः नाचत होता. "सर, तुम्ही बरोबर होतात! पहिल्यापासून बरोबर होतात! लई भारी!" काकूंनी कपाळाला हात लावला. "मग ह्ये एवढं सगळं कशापायी झालं?" माझाही अगदी हाच प्रश्न होता.

सरांनी तो लेख दोन दिवस लावून वाचला. मग म्हणाले, "काम चांगलं आहे. त्यांचं बरोबर आहे."

"म्हणजे आपलंही, सर!"

"नाही. त्यांचं बरोबर आहे. माझं मागे घेतलेलं आहे."

"पण उत्तर तेच आलं की!"

"श्रीनिवास, शेजारच्याच्या पेपरातून उतरवलेलं उत्तरही तेच येतं. तू त्याला मार्क देतोस का?"

श्रीनिवास चिडून निघून गेला. मी थांबले. मला राहवेना. "सर, एकदाच काय ते सांगून टाका. तुम्ही बरोबर होतात की चुकलेले? माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

सर खळखळून हसले. "धापा टाकणारा कुणी नव्हता, एवढं कळलं. मला झोप येईल आता. बाकीचं तू ठरव." त्या दिवशी ते पोटभर जेवले, असं काकूंनी सांगितलं.

त्यानंतर वर्षभरही गेलं नसेल. सर सकाळी पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेले. आजारपण नाही, गोळी नाही, काही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर औषध अंगातून कसं जातं ते बघितलं, त्याने स्वतः जाताना कुणाला बघूसुद्धा दिलं नाही. मला त्यांचा फार राग आला. अजून येतो.

कॉलेजने शोकसभा ठेवली. सभागृह भरलं होतं, व्यासपीठावर हार घातलेला फोटो. मी काकूंना घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. त्या दिवसभर रडल्या नव्हत्या. कोरड्या डोळ्यांनी फोटोकडे बघत होत्या. श्रीनिवास बोलायला उभा राहिला. त्याचं सरांवर किती प्रेम होतं हे मला माहीत आहे, म्हणून त्याला मी बोल लावत नाही. तो म्हणाला, "सरांनी आपला लेख मागे घेतला, तो त्यांच्या स्वभावातला अतिरेकी विनय होता. जगाने नंतर त्यांना बरोबर ठरवलं. खरं म्हणजे सर कधी चुकलेच नव्हते. तो लेख पुन्हा सन्मानाने रुजू व्हावा यासाठी कॉलेजच्या वतीने आम्ही..."

काकू उठल्या. मला वाटलं, घेरी आली. मी हात धरायला गेले तर त्यांनी तो बाजूला सारला. माइक नाही, काही नाही, पहिल्या रांगेत उभ्या राहूनच बोलल्या. नवरा जाऊन दहा दिवस झालेली बाई सभेत उठून बोलते म्हटल्यावर मागची माणसं माना उंचावून बघायला लागली.

"श्रीनिवास, मी शिकल्याली न्हाय," काकू म्हणाल्या. "पर ह्ये चुकलं हुतं. त्यांनी स्वता सांगितलं मला, का चुकलं त्ये. तू म्हणतुस, चुकलंच नव्हतं. मग त्यांनी जेवण सोडलं त्ये कशापायी? चुकलो म्हणायला लई जड गेलं रं त्यांना. लेख तर छापला की सगळ्यांचाच असतुया म्हनं. ही चूक तेवढी त्यांची हाय. ती त्यांच्यापासनं काढून घेऊ नका."

आणि बसल्या.

शोकसभेत अशा वेळी काय करायचं असतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक एकमेकांकडे बघत होते. श्रीनिवास माइक धरून तसाच उभा. हातातल्या कागदाकडे त्याने बघितलं, तो घडी करून खिशात घातला, आणि फोटोकडे न बघता, काकूंकडे बघत म्हणाला, "सर चुकले होते." पुढे काहीतरी बोलायचं होतं त्याला. पण तो तसाच जागेवर येऊन बसला, खुर्चीच्या कडेवर.

"आता बरोबर बोलला बघ," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. आणि पदर तोंडाला लावून त्या तेव्हा कुठे रडायला लागल्या.